उशाला कोणती दिशा

...न्हाई न्हाई, तुमीच सांगा! खाटेचं डोकं कुणीकडं हाय, एवढंच तर इचारलं फोनवर. शिवी दिली न्हाई, आवाज चढवला न्हाई, आन ती पोरगी खुदकन हसली! मी काय वावगं इचारलं?

तुमाला सांगतो, ह्या भानगडीत माझा काडीचा हात न्हाई. आमची लेक मंजुषा दिली परभणीत. तिचे मालक नागेशराव, माणूस सोन्यासारखा, पर हौस दांडगी. आले सोनपेठला, चहाचा कप हातात घेतला न घेतला की म्हणले, "मामा, तुमाला आन मामीला गंगेतून पाठवायलोय. पाटण्याहून काशीपतोर, बोटीनं! बोट कसली, तरंगता महाल हाय. एसी, पलंग, जेवण, सगळं बसल्या जागी. तुमी फक्त खोली पसंत करा." फक्त! त्या एका 'फक्त'नं माझा जीव घेतला बघा.

आता आमी गोदावरीकाठची माणसं, तिलाच गंगा म्हणतो, पर नदी ही ओलांडायची असती, निजायचं घरी. नदीवर निजल्यालं कुणी माझ्या पाहण्यात न्हाई. पर आमच्या केवळाबाई तवाच उठून लुगड्याच्या घड्या घालायला लागल्या! जल्मात तोंड उघडून काही मागितलं न्हाई तिनं. तोंड बघितलं तिचं, म्हणलं, जाऊ. पर खोली नीट पारखून घेऊ. बैल घेताना दात बघतो, मंग खोली न बघता घ्यायची का?

जावयानं फोन लावून दिला. तिकडून प्रियांका म्हणून पोरगी, आवाज साखरेत घोळल्याला... "नमस्कार सर! वरच्या मजल्यावरची बाल्कनीवाली रूम देऊ का?" म्हणलं, बाई, संडास कुठं हाय? "रूममध्येच आहे सर, बेडच्या मागंच!" मागं मंजी? उशालाच की! आमचा संडास अंगणाच्या पल्याड, लिंबाच्या आड, आन ह्यांचा एवढ्या महालात उशाला! म्हणलं, दुसरी दाखवा. जावयानं कपाळाला हात लावला, "मामा, मधी भिंत हाय!" अहो, भिंत त्यांची असंल, डोकं माझं हाय ना? मी काय वावगं इचारलं?

दुसरी मधल्या मजल्यावर. मोठी खिडकी, संडास बाजूला, गादी मऊ... हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुचलं. म्हणलं, पोरी, खाटेचं डोकं कुणीकडं? पूर्वेला का दक्षिणेला? तवाच ती हसली. "सर, नदी वळेल तशी बोट वळते ना!" ऐका! मंजी मी उगवतीला डोकं करून निजायचं, डोळा लागायचा, की ह्यांची नदी वळणार आन माझे पाय दक्षिणेला! दक्षिण कुणाची? यमाची! तिकडं पाय करून जित्या माणसाला कोण निजवतं? आमच्याकडं माणूस गेल्यावरच तसं ठेवतेत. म्हणलं, खाट फिरवता येती का? "नाही सर, बोल्ट मारलेत." मंग बोल्ट काढायला पाना मिळंल का? तर फोनवर गाणं लागलं! गाणं संपलं आन म्हणती, "सॉरी सर, ती रूम आत्ताच गेली. आता खालची एकच राहिलीय."

केवळाबाई पदर खोचून उभ्या! "पन्नास वर्षं उगवतीला डोकं करून निजलाव, काय उजेड पाडलाव ते सांगा जावयाला!" जावई लागले छताकडं बघायला. ती म्हणती, "दिवस मावळायच्या आत ठरवा. न्हाई तर आमची चंदा हाय चुडाव्याला, तिला घेऊन जाते. ती पाय कुणीकडंबी करून निजती." आन खरंच बहिणीला फोन लावला हो! चंदा तिकडून ओरडायली, "आक्का, मी पिशवी भरू का? दाजींना राहू द्या घरी दिशा राखत!"

माझ्या जागेवर मेहुणी! पारावरचे लोक काय म्हणतील? आन लोकांचं जाऊ द्या, ही तिकडं गंगेवर, आन मी हितं उगवतीला डोकं करून... एकटा? मंग बायको जवळ आली, हळूच म्हणली, "मला तुमच्यासंगंच जायचंय हो. तुमच्या दिशेसंगं न्हाई."

काय करता? म्हणलं, सांग पोरी खालची. इंजिनाच्या शेजारी. असू दे, मळणीयंत्राशेजारी निजल्याला माणूस मी! डोकं बोटीच्या शेपटाकडं, पाय तोंडाकडं. असू दे. दक्षिणेचं वळण आलं की उठून बसंल, गेलं की पुन्हा पडंल. मी! एवढा नमलो! 'दे' म्हणणार, तेवढ्यात...

काशीला गंगा उत्तरेला वाहती, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंबी सांगंल. बोट पाटण्याहून यायची, मंजी पाण्याच्या उलटी, मंजी बोटीचं तोंड दक्षिणेला, मंजी माझे पाय... आन हे वळण न्हाई हो, मुक्काम हाय! डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, खाली गंगा, म्होरं काशी... तोंडात तुळशीपान ठेवायचं तेवढं राहिलं! बायकोला बसवून समदं समजावून सांगितलं. लय मन लावून ऐकलं तिनं. म्हणलं, आता तरी हिच्या काळजाला हात लागला.

तिनं माझ्या हातातला फोन घेतला. "पोरी, खोली पक्की कर," म्हणली. आन माझ्याकडं वळून कसं म्हणती, "पडा की निवांत! काही झालंच, तर मुक्कामाचं गाव चांगलं हाय."

आता ह्याच्यावर माणसानं इचारायचं तरी काय?