शेवटच्याला एक फेरी जास्त

आजच्या या निरोपाच्या आणि शुभेच्छांच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे आधारवड आदरणीय भैय्याजी. सावंगीहून आपले रुग्ण क्षणभर बाजूला ठेवून आवर्जून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर मैत्रेयीताई. शालीच्या वजनाखाली अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती, आपल्या गणिताच्या पौर्णिमा मॅडम. तळेगावहून आलेल्या त्यांच्या मातोश्री सुलोचनाबाई. माझे सहकारी बंधुभगिनी आणि सतरंजीवर मगाचपासून चुळबूळ करणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

मॅडम परवा कोकणात निघणार आहेत. समुद्राकाठच्या रस्त्यावर पाच दिवस, रोज एक पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे रोज बेचाळीस किलोमीटर, आणि वर थोडं. आपल्या सिंदी मेघेच्या शाळेतून एवढं मोठं काही करायला आजवर कोणी निघालं नव्हतं. तेव्हा हा निरोप थाटात व्हायलाच हवा होता, आणि तो झाला, याबद्दल दुमत नाही.

सूत्रसंचालन करणाऱ्या शौनक सरांनी माझी ओळख "मॅडमचे गुरू, पी.टी. शिक्षक धनंजय सर" अशी करून दिली. तुम्ही टाळ्या वाजवल्या. त्या मी घेतल्या, परत करणार नाही. पण गुरूनं नेमकं काय केलं, हेही तुमच्या कानावर घालावं म्हणतो.

मैत्रेयीताई, सुरुवात तुमच्यापासूनच आहे. तुम्ही आमच्या स्टाफची तपासणी केली आणि निम्म्या लोकांची साखर वाढलेली निघाली. मी लगेच सगळ्यांना सकाळी मैदानावर बोलावलं. शिट्टी माझी, नियमही माझा. तो नियम या हॉलमधल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. सांगा रे, काय? हं. "शेवटच्याला एक फेरी जास्त." पोरांना जो नियम, तोच मास्तरांना. मी भेदभाव करत नाही.

आता शेवटी कोण यायचं? पौर्णिमा मॅडम. रोज. आम्ही सगळे कडुनिंबाखाली चहा पीत बसलेलो असायचो आणि मॅडम एकट्या मैदानाला फेरी मारत असायच्या. हळूहळू स्टाफ गळत गेला. कोणाचा गुडघा, कोणाचा लेकाचा क्लास, कोणाला नुसती झोप. शेवटी मैदानावर आम्ही दोघंच उरलो. पण मंडळी, दोघांतही एक जण शेवटचा असतोच की नाही? म्हणजे मी रोज पहिला यायचो, चहा प्यायचो आणि स्वतःच्या तोंडानं शिट्टी फुंकून त्यांना माझ्यापेक्षा एक फेरी जास्त पळवायचो. ऊन, पाऊस, थंडी, रोज. रोज एक फेरी जास्त म्हणजे रोज माझ्यापेक्षा थोडी जास्त ताकद, हे साधं गणित मला तेव्हा समजलं नाही; गणिताचा पगार शाळा त्यांना देते, मला नाही. असा गुरू तुम्ही कुठं पाहिलाय?

हसा, हसा. भैय्याजीसुद्धा हसले, म्हणजे कार्यक्रम चांगला चालला आहे.

पण मला हसू येत नाही. आज निरोपाचा दिवस आहे, गोड बोलायचा दिवस आहे आणि मी गोड बोलेनही, पण आधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. मी जळतो. तरुणपणी मी राज्य पातळीवर धावलेला माणूस आहे. माझ्या ट्रॉफ्या घरी आहेत. त्यातल्या एकीत आमच्या सौभाग्यवती कंगवे ठेवतात. आणि पेपरात फोटो कोणाचा? गणिताच्या मॅडमचा! मागच्या महिन्यात सहावीचा एक विद्यार्थी मला विचारतो, "सर, तुमाले बी मॅडमसारखं पळता येते का?" मी त्याला काय उत्तर दिलं ते इथं सांगत नाही, व्यासपीठावर पाहुण्या आहेत.

मॅडमनी या पाच दिवसांच्या शर्यतीबद्दल वाचलं, तेव्हा मीही छाती काढून म्हणालो, मी पण येतो. ही तयारी कशी असते, ते थोडं सांगतो. एक दिवस लांब धावणं फार कठीण नाही. आज धावायचं, उद्या त्याच दुखऱ्या पायांनी पुन्हा धावायचं आणि परवा पुन्हा, खरी तयारी ती. म्हणून आज स्वतःला संपवायचं नसतं, उद्यासाठी अंगात राखून ठेवायचं असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं आहे.

आम्ही लागोपाठ तीन दिवस धावायचं ठरवलं. सिंदी मेघेहून सावंगी, तिथून पुढं सेवाग्रामच्या रस्त्याला आणि परत. पहिल्या दिवशी मी मॅडमच्या कितीतरी आधी आलो. आंघोळ केली, तर्री पोहे खाल्ले आणि शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो, त्यांचं स्वागत करायला. काय माझा रुबाब! दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घराचा जिना मी पाठमोरा उतरलो, कारण सरळ उतरताना मांड्या नाही म्हणत होत्या. तरी धावलो. तिसऱ्या दिवशी रस्त्यातल्या पुलाच्या कठड्यावर बसलो आणि उठताच येईना. तेवढ्यात मागून मॅडम आल्या. पहिल्या दिवशी ज्या चालीनं होत्या, अगदी त्याच चालीनं.

"सर, बसून काऊन राह्यले?"

"लेस बांधून राह्यलो."

"लेस तं बांधलेलीच हाय, सर."

त्यांनी कमरेची मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली काढली, माझ्या हातात दिली, "हळूहळू येजा" म्हणाल्या आणि गेल्या. मंडळी, पाणी प्यायल्यावर माणूस शांत होतो म्हणतात. मी ती बाटली संपवली आणि जास्तच पेटलो. मागून आलेल्या ऑटोत बसून घरी गेलो. ऑटोनं वाटेत मॅडमला मागं टाकलं, तेव्हा मी दुसरीकडं पाहत होतो.

तर मी बाद झालो आणि मॅडम निघाल्या. इथवर ठीक होतं. एखाद-दोन महिने तोंड पाडून बसलो असतो, मग सवय झाली असती. पण या शर्यतीचा एक नियम आहे. प्रत्येक धावपटूबरोबर सायकलवर एक साथी लागतो. पाणी, मीठ, सुके मोजे, जे लागेल ते घेऊन पाचही दिवस त्यानं बरोबर राहायचं. साथी नसेल तर धावपटूला उभंच करत नाहीत. मॅडमचे यजमान रत्नदीपभाऊ रेल्वेत आहेत, त्यांना सुटी मिळाली नाही. मागच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही चाला."

मी म्हणालो, पाहतो. आणि आठ दिवस पाहतोच आहे. साथीचं नाव आज संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे. मधल्या काळात आमचे तरुण, उत्साही, गिअरची सायकल बाळगणारे शौनक सर "मी जातो ना" म्हणून पुढं झाले. त्यांनी तर कालपासून सायकलला तेलपाणीही सुरू केलं आहे. फार चांगला मुलगा. मला त्याचा रागच येतो.

मी का थांबलो? आपण मोठं काही कारण देतो आणि आतलं कारण वेगळंच असतं, तसं आहे हे. बाहेर मी सांगितलं की दहावीच्या क्रीडा गुणांचं काम आहे. आत काय होतं? जिनं माझ्या शिट्टीवर पळायला सुरुवात केली, तिच्या मागं मी मोजे घेऊन सायकल हाकायची? त्याच्याही तळाशी भीती होती. मॅडम पाचही दिवस पूर्ण करतील आणि ते मला दोन हातांवरून बघावं लागेल, याची भीती.

काय म्हणता, सुलोचनाबाई? जरा मोठ्यानं बोला, माईक तिकडं न्या रे.

"म्या म्हनलं, सर, भाषण मंग करजा. पोरीसंगं जाता का नाई, थे सांगा आधी!"

ऐकलं? तळेगावात माणसं अशी बोलतात. अध्यक्ष महोदय, घड्याळाकडं पाहू नका, आलोच मुद्द्यावर.

बाई, काल संध्याकाळी मी तुमच्या लेकीला विचारलं, की शौनक सर तयार आहेत, तरुण आहेत, मग मीच कशाला? तर ती म्हणाली, "सर, तुम्ही माह्यावर जळता, मले माहीत हाय. म्हणूनच चाला. बाकीचे तिसऱ्या दिवशी म्हणतीन, मॅडम, पुरे आता, लय केलं. तुम्ही नाई म्हणणार. जळणारा माणूस मधातून उठून जात नाई, थो शेवटपर्यंत पाहते."

मी घरी गेलो. जेवलो नाही. ही बाई मला ओळखते याचाही मला राग आला. मग मनात चित्र उभं केलं. पाचवा दिवस, समुद्र, शेवटचा किलोमीटर, मॅडम येत आहेत आणि शेजारी सायकलवर शौनक सर. पाणी त्यांच्या हातून, फोटोत ते, आणि मी इथं सहावीच्या पोरांची कवायत घेत उभा. खरं सांगतो, मॅडम जिंकताना मला बघवणार नाही, हे कबूल. पण ते दुसऱ्या कोणी बघितलेलं मला त्याहून बघवणार नाही.

तेव्हा शौनक सर, साथीच्या जागी माझं नाव लिहा, धनंजय. आणि ती गिअरची सायकल मला द्या, कारण माझ्याकडं साधी आहे.

टाळ्या थांबवा, आभार राहिले आहेत. भैय्याजींनी मला सुटी देण्याआधीच इथं सर्वांदेखत ती मिळाली असं मी धरून चालतो, म्हणून त्यांचे आभार. मैत्रेयीताईंचे, माझ्या मांड्या तपासून बोचरं काही न बोलल्याबद्दल आभार. सुलोचनाबाईंचे, त्यांच्या खणखणीत आवाजाबद्दल. आणि मॅडम, तुमचे आभार कसे मानायचे ते मला अजून जमत नाही, तेवढं तुम्ही सांभाळून घ्या.

सत्काराच्या कार्यक्रमात बोलू नये असं बरंच बोलून गेलो. कोणाचा मान राहिला नसेल, कोणाचं नाव घ्यायचं सुटलं असेल, तर पदरात घ्या. माझ्या जळण्याबद्दल मात्र मी माफी मागत नाही. पाच दिवस सायकल मला त्याच्यावरच मारायची आहे.