लिवरपूलचं रेशीम

—नाय नाय ताई, चहा आधी, मग पॅराशूट! तुम्ही पंचवटीच्या, तिकडं विलायतेत म्युझियमात नोकरीला, आणि माझ्या आज्याच्या, दादांच्या गोष्टीसाठी येवल्याला आलात— काल सांजेपासून माझे पाय जमिनीवर नायत! अख्ख्या मोहल्ल्यात सांगून आलोय, महेबूब विणकराच्या आज्याचं नाव लिवरपूलच्या स्मारकाच्या दगडावर कोरणार म्हणून. आता हसा म्हणावं! लय हसले लोक. दादा बोटीवर भट्टीत कोळसा टाकायला गेलेले, इथं माग बंद पडला म्हणून— आणि तिथं गोदीत, लढाईच्या दिवसांत, बॉम्ब टाकणारं जर्मनांचं विमान तोफेनं पाडलं, पेटत पेटत शहरावर आलं! सगळे पळाले एकीकडं, आमचे दादा— येडा माणूस— पळाले त्याच्याच दिशेनं. का? अहो, आगीच्या उजेडात पांढरं रेशीम उतरताना दिसलं ना! विणकर तो. आधी कापड दिसलं, मग कळलं की खाली पोरगं लटकतंय. गोदामाच्या पत्र्यात अडकलेलं, वीसेक वर्षांचं. दादांनी उतरवलं, पाणी पाजलं, मांडीवरच गेलं बिचारं. आणि दादांनी वीतभर नाय, चांगलं दोन हात रेशीम फाडून आणलं घरी.

हे बघा ते! लावा हात, भिताय काय? एक धागा काढू? काढतो— गिऱ्हाइकासमोर रोजच जाळून दाखवतो आम्ही, पैठणी घ्यायला आलं की पहिलं हेच. घ्या वास. केस जळाल्यागत येतो की नाय? आणि राख बघा, चिमटीत भुगा. नकली असता तर कडक गोळी झाली असती. अस्सल, ताई, अस्सल!

काय म्हणालात? जर्मन यंत्रांची कमाल? यंत्र कुठलं घेऊन बसलात! यंत्राचं कापड असं अंगावर पडतं का? त्याचा काठ कसा ताठ, मेलेला. हा बघा, मऊ, जिता हाय. आणि इथं— थांबा, भिंग घ्या— इथं आडवा धागा जरा जास्त घट्ट बसलाय, दिसला? तिसऱ्या प्रहरी असरची नमाज पढून परत मागावर बसलो की माझा फणीचा पहिला ठोका जोरातच बसतो, आमची रेहाना नेहमी चिडवते, म्हणते लग्न झाल्यापासून तुमचा हात—

...पंखा मोठा करू का जरा?

बरं. विणलं मी! झालं? खरा तुकडा दादीनं कापला, माझ्या बापाचं झबलं शिवलं, मग त्याच्या पाठच्यांना घातलं— सहा लेकरांच्या अंगावर विरून गेलं बघा. आणि मोहल्ला म्हणायचा, पुरावा दाखवा. चहाच्या टपरीवर दादांची नक्कल करायचे लोक, हात पसरून, पॅराशूटगत! मग काय, पैठणी बाजूला ठेवली, बारीक फणी बसवली, आठ दिवस खपलो. पिवळं पडावं म्हणून दोन उन्हाळे पत्र्यावर टाकलं. बारा वर्षं कुणाला कळलं नाय, ताई, कुणाला नाय— आणि सांगितलं कुणी? मीच! तुम्ही त्या यंत्राचं कौतुक करत होतात, मला सोसेना! हसताय? हसा हसा, मला पण हसू येतंय... आणि रडू पण येतंय. कापड नका नेऊ. पण दादांचं नाव खोडू नका हो. खोटं माझं हाय, त्यांचं नाय. खोट्यासाठी कुणी चाळीस वर्षं दुआ मागतं का? दर जुम्म्याला मागायचे त्या पोरासाठी. त्यानं छातीवर बोट ठेवून नाव सांगितलेलं मरताना— हेल्मुट. मौलवी वैतागायचे, हा हेल्मुट तुमच्या कुठल्या घराण्यातला? दादा म्हणायचे, पोरगा हाय, तुम्ही फक्त आमीन म्हणा!

हां? हेल्मुट. हो, हेल्मुटच, लहानपणापासून ऐकलंय मी. का? कसला कागद हा? विमानातल्या चौघांची नावं— दगडासाठी? मला इंग्रजी येत नाय, ताई. पण बोट का थांबलं तुमचं? कुठं थांबलं?

...रेहाना! रेहाना, बाहेर ये आधी, चहा राहू दे!

वाचा, ताई. मोठ्यानं वाचा.