एकेचाळिसावा कागद

जबाब
दिनांक १८ एप्रिल १९९४, सोमवार, सकाळी ११.३०

नाव: वसुंधरा दिनानाथ पागनीस. वय: २९ वर्षे. व्यवसाय: टायपिंग शिकवणे. राहणार: स्नेहलतागंज, इंदूर.

मी आज ठाण्यात आपण होऊन हजर झाले आहे. मला कोणी बोलावले नव्हते. मी सांगेन ते हेड कॉन्स्टेबल रघुवीर शिंदे यांनी मराठीतच उतरून घ्यावे व त्याचे हिंदी मागाहून करावे, अशी विनंती मी केली आणि ती मान्य झाली. मी समक्ष सांगते ते असे.

काल रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मल्हारगंज येथील उदयसिंह चौहान यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाची पोलिसांनी झडती घेतली. सोबत कॅसेट कंपनीचे प्रतिनिधी होते. कॅसेटची नकली कव्हरे तयार केल्याच्या आरोपावरून उदयसिंहजींना येथे आणले व ते अजून येथेच आहेत. जप्तीत एकेचाळीस कागद दाखवले आहेत. त्यांतले चाळीस मी तयार केले. उदयसिंहजींनी आम्हांला बसायला जागा दिली आणि चहा पाजला, याहून त्यांचा काही संबंध नाही.

आम्ही एकूण अकरा जण पॉप गायक नोएल साल्दान्या यांचे चाहते असून दर रविवारी त्या दुकानात जमतो. साल्दान्या आपल्या प्रत्येक कॅसेटच्या डबीतल्या घडीच्या कागदावर स्वतःच्या हाताने बारीक अक्षरांत मजकूर लिहीत व कंपनी तो तसाच छापत असे. कोणते गाणे कोठे ध्वनिमुद्रित झाले, कोणी काय वाजवले, त्या दिवशी कोणाचा घसा बसला होता, असे सगळे त्यात असे. दुसऱ्या आवृत्तीपासून कंपनीने तो मजकूर काढून टाकला आणि नुसती गाण्यांची यादी ठेवली. म्हणून ज्याच्याकडे पहिली आवृत्ती असेल त्याने बाकीच्यांना मजकूर उतरवून द्यायचा, अशी आमच्यात रीत आहे.

त्यात एक अक्षरही गाळायचे नसते. मागे उषाताई कर्णिक यांनी फालतू म्हणून कोरसमधल्या सहा जणांची नावे गाळली होती, त्यावरून आमच्यात दोन महिने अबोला होता. तेव्हापासून एकाने मूळ कागद वाचायचा व दुसऱ्याने नकलेशी जुळवायचा, असे ठरले आहे.

'काँच का कोट' या १९८८ सालच्या कॅसेटचा मूळ कागद माझ्या घरी होता. जुळवणीसाठी तो मी प्रतींसोबत दुकानात ठेवला होता, तोच एकेचाळिसावा. टाईपात मजकूर मावेना म्हणून मी स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने हातानेच लिहिला आणि बाहेरगावच्या चाहत्यांनाही पाठवता याव्यात म्हणून चाळीस प्रती काढल्या. ज्यांच्याकडे दुसरी आवृत्ती आहे त्यांना तो डबीत ठेवता यावा म्हणून कागदही त्याच मापाचा कापला. कंपनीचे नाव, छापखान्याचा पत्ता, बॅच नंबर आणि 'नक़ल करना अपराध है' ही ओळसुद्धा मी जशीच्या तशी उतरवली. ठाण्याचे प्रमुख टी.आय. साहेब यांनी मला विचारले, "मैडम, ये लाइन लिखते वक़्त भी हाथ नहीं रुका?" नाही थांबला. ती ओळ गाळली असती तर उषाताईंनी मला सोडले नसते. आमचे काम जितके चोख झाले तितके ते पोलिसांना नकली वाटले. हा मूर्खपणा माझा आहे व तो मला कबूल आहे. एकही प्रत विकलेली नाही.

आज सकाळी कंपनीच्या प्रतिनिधींनी माझ्यापुढे तयार माफीनामा ठेवला. सर्व एकेचाळीस कागद नकली असून ते नष्ट करण्यास हरकत नाही, असे त्यात होते. सही केली की उदयसिंहजी घरी जातील, असे ते म्हणाले. मी चाळीस कागदांपुरती सही करते म्हटले. एकेचाळिसावा कागद त्यांच्याच कंपनीचा आहे. त्यावर ते म्हणाले, "बहनजी, एक काग़ज़ के पीछे क्यों अड़ी हो? हमने ऐसा कुछ छापा ही नहीं. इसमें जो नाम लिखे हैं, सब फ़र्ज़ी हैं." याचा मला राग आला. तो अजून आहे, आणि तसे जबाबात लिहावे असे मी सांगितले.

मी सही नाकारण्याआधी उदयसिंहजींना जाऊन विचारले, कारण आत ते बसले आहेत, मी नाही. ते म्हणाले, "देखो ताई, अपन तो बैठे हैं आराम से. घर पे इतना आराम कहाँ? तुम सही मत करना." ते कालपासून जेवलेले नाहीत, हे मला शिपायाकडून कळले.

त्या कागदावर चौथ्या गाण्याखाली असे आहे: 'क्लैरिनेट, दीनानाथ पागनीस, इंदौर. मिल से तीन दिन की छुट्टी लेकर आए और एक ही बार में बजा दिया.' दिनानाथ पागनीस हे माझे वडील. ते मिलमध्ये विणाई खात्यात होते आणि अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मिलच्या झाँकीपुढे, म्हणजे चित्ररथापुढे, वाजवत. तेथेच साल्दान्यांनी त्यांना ऐकले व मुंबईला नेले. मिल बंद होऊन दोन वर्षे झाली. तेव्हापासून क्लॅरिनेट माळ्यावर आहे. विषय काढला की बाबा म्हणतात, "कशाला उकरून काढतेस? झालं ते झालं." त्यांनी ते वाजवले होते हे लिहिलेला दुसरा कागद मला माहीत नाही. तो नकली आहे असे मी लिहून देणार नाही. त्यासाठी मला येथे बसवून ठेवले तरी चालेल.

टी.आय. साहेबांनी विचारले, "ये दीनानाथ है कौन? मिलेगा कहाँ?" मी सांगितले, बाहेर बाकावर बसले आहेत. मला सोबत म्हणून आले होते.

दुपारी १२.४० वाजता त्यांना आत बोलावले. त्यांनी चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून वाचला. बराच वेळ लागला. मग प्रतिनिधींना म्हणाले, "असली है. मैं था वहाँ. आपके मैनेजर साहब ने मेरे डिब्बे की गुळपोळी खाई थी, पूछ लेना."

टी.आय. साहेबांच्या आदेशाने तो कागद मूळ म्हणून जप्तीच्या यादीत वेगळा लिहिला आहे व तो नष्ट होणार नाही. परत मिळण्यासाठी मी कोर्टात अर्ज करणार आहे. चाळीस प्रतींची जबाबदारी माझी एकटीची आहे. उदयसिंहजींना आज जामिनावर सोडतील असे मला सांगण्यात आले. ते बाहेर येईपर्यंत मी येथून हलणार नाही.

साक्षीदार म्हणून वडिलांचे नाव घेताना शिंदे यांनी व्यवसायापुढे 'मिल कामगार, सध्या बेकार' असे लिहिले. वडील म्हणाले, "शिंदे, ते खोडा. क्लॅरिनेटवादक लिहा." शिंदे यांनी विचारले, "काका, अजून वाजवता?" वडील म्हणाले, "संध्याकाळी घरी या."

हा जबाब मला पूर्ण वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो आहे, माझ्यावर कोणाचे दडपण नाही. साक्षीदाराच्या नावापुढे एके ठिकाणी खाडाखोड आहे. ती त्यांच्या सांगण्यावरून केली असून तिच्याखाली त्यांनी सही केली आहे.

सही: वसुंधरा दि. पागनीस
साक्षीदार: दिनानाथ पागनीस, क्लॅरिनेटवादक
समक्ष: रघुवीर शिंदे, हेड कॉन्स्टेबल