सुभेदार उभा राहिला

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. घरातलं माणूस गेलं आणि मागं राहिलेल्यानं डोळ्यातून टिपूस काढलं नाही — तर त्याला खंबीर म्हणायचं का? उत्तराची घाई नको. माना तर मुळीच डोलवू नका. आधी गोष्ट!

कवठाळ गावात भिवाजीआप्पा म्हणून एक गृहस्थ होते. धंदा काय? खेचरं वाढवायची, खोगिराला तयार करायची आणि जत्रेत दाखवायची. खेचर म्हणजे — आई घोडी, बाप गाढव. अहो, तिकडं बायका एकदम काय हसल्या? मी खेचराचं सांगतोय!

तर आप्पांकडं असं एक शिंगरू होतं. नाव सुभेदार. आप्पा आणि त्यांची लेक कौतिका, दोघांनी त्याला घडवलं. आधी पाठीवर नुसतं पोतं. मग पोत्यात थोडी वाळू. मग खोगीर. लगामाची कडी तोंडात घेईना, तर कौतिकानं कडीला गूळ चोळला. घेतली की नाही? घेतली! गुळासाठी आपण काय काय तोंडात घेतो — ते असो.

जत्रेच्या रिंगणात पंच बघतात चाल, बघतात वळण, आणि शेवटी बघतात उभं राहणं. पाठीवर स्वार, लगाम सैल, आणि जनावर पाटासारखं स्थिर! पळायला कुणीही शिकवतो हो. उभं राहणं अवघड.

सुभेदार असा उभा राहायचा की गाव म्हणायचं, आप्पांकडं मंत्र आहे. मंत्र कसला? आप्पांना दमा होता! स्वारी चालू असताना खोकल्याची ढास लागायची, हातातनं लगाम सुटायचा, आप्पा त्याच्या मानेवर ओणवे. आणि सुभेदार जागच्या जागी थांबायचा. ढास सरेपर्यंत कानसुद्धा हलवायचा नाही.

कौतिकानं विचारलं, "आप्पा, हे कसं शिकवलंत?"

"मी कुठं शिकवलं, बयो? मी पडेन म्हणून त्याचं त्यानंच ठरवलं."

आणि जत्रा तोंडावर आली असताना आप्पा गेले!

कौतिका रडली नाही. तेराव्याला आलेल्यांना वाढलं, भांडी घासली, सकाळी खोगीर कसलं. बाया म्हणाल्या, "काय खंबीर पोरगी!" परगावचं कुणी विचारायचं, "आप्पा कुठायत?" ही म्हणायची, "बाहेर गेलेत." आणि लगाम हातात घ्यायची.

चुलता रंभाजी व्यवहारी माणूस. म्हणाला, "पोरी, भिवादादा होता तोवर ठीक. आता ह्याला बसवून कोण खाऊ घालणार? वीटभट्टीवाला मागतोय. जत्रेत मानाचा पटका मिळव, तर ठेव. नाहीतर तिथनंच त्याच्या हवाली."

"चालंल, काका."

चालंल म्हणाली, पण सुभेदार थांबेना! चाल झकास, वळण झकास, पण थांबवायला "हो" म्हटलं की हा पुढं. लगाम ओढला की मान वर आणि पाय नाचरे. तिनं आप्पांचा कोट घातला. आप्पांसारखी खोकलीसुद्धा! सुभेदारानं मान वळवून एकदा बघितलं आणि चालत राहिला. खोट्या खोकल्याला सासू फसते, मंडळी. खेचर नाही.

जत्रा भरली. थोरल्या पंचांनी विचारलं, "स्वार कोण?"

"मीच."

गर्दीतनं एक मिशीवाला ओरडला, "अगं, चूल कुणावर सोडून आलीस?"

"या, तुम्ही बसा वर. मी चूल बघते!"

मिशी गर्दीत दिसेनाशी झाली.

चाल झाली — पंच खूष. वळण झालं — पंच खूष. मग आवाज आला, "उभं करा!" सुभेदार पुढं. "उभं करा!" सुभेदार गोल फिरला. लोक खो-खो हसले. कुंपणाशी भट्टीवाला दोर उलगडायला लागला.

थोरले पंच जवळ आले. सज्जन माणूस. म्हणाले, "शिकवण चांगलीय, पोरी. कुणाची?"

"आमच्या आप्पांची."

"मग बोलव की त्यांना. ते थांबवतील."

आता? "बाहेर गेलेत" अगदी ओठावर होतं. पण कुठनं बोलवणार?

"आप्पा वारले," ती म्हणाली.

पहिल्यांदा म्हणाली, मंडळी! शब्द बाहेर पडला आणि श्वास आत अडकला. लगाम सुटला. कौतिका मानेवर ओणवी झाली आणि भर रिंगणात हमसून रडली.

सुभेदार थांबला. हलगी वाजत होती, पुढच्या खेचराचा पुकारा झाला — हा हलला नाही.

पटका? नाही मिळाला! पंच न्यायाचे होते. म्हणाले, "सांगितल्यावर उभं राहायला हवं होतं. हे आपल्या मर्जीनं राहिलं."

भट्टीवाला दोर घेऊन पुढं आला. रंभाजी आडवा झाला.

"द्यायचं नाही."

"अहो, ठरलं होतं आपलं!"

"ठरलं होतं. पण माझा भाऊ गेलाय हो."

एवढंच बोलला आणि तोंड फिरवून खोगिराचा पट्टा उगाचच आवळत बसला. त्यालाही तोवर ते म्हणता आलं नव्हतं.

आता सांगा, खंबीर कोण? माझ्याकडं बघू नका, शेजारी बघा! यंदा गावात कुणाचं माणूस गेलंय, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तुम्ही काय केलंत? "धीर धर" म्हणालात, चहा प्यालात आणि चपला घातल्यात! उद्या परत जा. शहाणपण सांगू नका. ते माणूस सावरेपर्यंत नुसतं जवळ उभं राहा. त्या जनावराला चार पाय आवरावे लागले, तुम्हाला दोनच आवरायचेत — वाजवा टाळ!