राजारामच्या खोलीतली पुडी

शकू : ...आणि शेजारच्या राजाराम भावोजींच्या खोलीत शिरल्या शिरल्या पोलिसांनी थेट भजनाच्या बाजाच्या पेटीलाच हात घातला. डबे नाही बघितले, गादी नाही उलटली.

रामदास : मग? खबर असेल त्यांना.

शकू : तेच म्हणतेय. कुणी दिली खबर?

रामदास : मला काय विचारतेस? चहा टाक.

शकू : काल पाळी सुटल्यावर तुम्ही नाक्यावर हवालदाराशी बोलत होतात. नलूनं बघितलं.

रामदास : त्या नलूला दुसरा उद्योग नाही.

शकू : अहो, माझ्याकडे बघून बोला.

रामदास : दिली. मीच दिली. गांजा बाळगणं गुन्हा आहे ना? दारूबंदीच्या कायद्यातच येतं ते. मी काय खोटं सांगितलं?

शकू : कायद्याचा एवढा पुळका कधीपासून? परवा तुम्हीच तावातावानं सांगत होतात, साहेबलोक परमिट काढून विलायती पितात आणि गरिबाच्या चिलमीला बेड्या, हा कसला कायदा.

रामदास : ते चार माणसांत बोलायचं.

शकू : मग घरात खरं बोला.

रामदास : काय बोलू? समितीच्या सत्याग्रहात पंधरा दिवस आत राहून आला, तर अख्ख्या चाळीनं त्याला हार घातले. तू निरांजन घेऊन ओवाळलंस. मीपण मोर्च्यात लाठी खाल्ली होती. मला शेकायला फडकं दिलंस, संपलं. जळतो मी त्याच्यावर, शकू. म्हटलं, एकदा असा आत जाऊ दे की सुटून आल्यावर कोण हार घालणार नाही.

शकू : घालतील. खाली जाऊन ऐका. समितीचा माणूस म्हणून सरकारनंच पुडी ठेवली, म्हणतायत. संध्याकाळी चौकीवर मोर्चा नेणार आहेत.

रामदास : घ्या. म्हणजे गांजातपण तोच मोठा.

शकू : भावोजी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत.

रामदास : मी डोळ्यांनी बघितलाय. दर गुरुवारी भजनाआधी पेटीतून पुडी काढतो.

शकू : काढून कुणाला देतात, ते नाही बघितलंत?

रामदास : कुणाला?

शकू : तुमच्या वडलांना. चिलमीशिवाय अण्णांचा अभंगाला आवाज लागत नाही. चाळीस वर्षांची सवय, कायदा आला म्हणून सुटते होय?

रामदास : तुला ठाऊक होतं?

शकू : होतं. चौकीत भावोजींनी 'माझीच' म्हणून सही केली. अण्णा सकाळपासून जेवले नाहीत. मघाशी चपला घालून निघाले होते खरं सांगायला, मीच धरून बसवलं. भावोजींना सहा महिने तरी होतील म्हणे.

रामदास : शर्ट दे माझा. पुडी माझी, म्हणून सांगतो.

शकू : खबर तुमचीच, आणि पुडीपण तुमची? हवालदाराला पटेल?

रामदास : पटेल. जळून त्याच्या पेटीत टाकली आणि वर खबर दिली, असं सांगेन.

शकू : चाळ थुंकेल तुमच्यावर.

रामदास : थुंकू दे.

शकू : हा घ्या शर्ट. बाहेर अण्णा बसलेत, त्यांना काही बोलू नका.

रामदास : नाही बोलत. पण शकू, अण्णांनी ती माझ्याकडे का नाही गं दिली ठेवायला?