दोन अल्टरनेटर, एक लाल दिवा

...आणि वर मलाच विचारतात, "दोन आहेत ना?" अहो, आहेत! माझ्या ट्रकला दोन अल्टरनेटर आहेत, मी कुठे नाही म्हणतोय? पण एक बंद पडला की दुसऱ्यानं दोघांचं काम ओढायचं, हे ठरवलं कुणी? तुम्ही ओढता का? शेजारच्या टेबलावरचा रजेवर गेला की दुसऱ्या दिवशी तुमचीही कंबर धरते ना? मग! त्याचीही धरली!

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, इंजिन फिरतंय तोवर बॅटरी भरत ठेवायची, एवढंच अल्टरनेटरचं काम. तो गेला की समोर लाल दिवा लागतो, बॅटरी उतरत जाते आणि शेवटी गाडी उभी. माझा वरचा गेला तेव्हाच मी मिस्त्रीकडे गेलो होतो. मिस्त्री म्हणजे वीस वर्षं माझ्या गाडीखाली झोपलेला माणूस, त्याचा चेहरा मी अजून नीट पाहिलेला नाही, फक्त पाय ओळखतो. ते पाय मला म्हणाले, "चालवा हो बिनधास्त, दोन आहेत ना!" चालवली. दोन महिने चालवली. मग खालचाही गेला आणि गाडी उभी राहिली... कुठे? टोलनाक्याच्या दांड्याखाली! मागे चाळीस गाड्या, चाळीस हॉर्न, आणि खिडकीतला माणूस शांतपणे म्हणतो, "पावती मिळाली ना? मग निघा की!" अरे, निघता आलं असतं तर तुझं तोंड बघत बसलो असतो का?

त्या दिवशी ट्रक क्रेननं ओढून घरी आणला, आणि मला न्यायला बायको स्कूटरवरून आली. वर्षातली तिसरी खेप. एक शब्द बोलली नाही. तुमचं लग्न झालं असेल तर तुम्हाला कळेल, बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी आलो तर तिचा भाऊ येऊन बसलेला. त्याचं गाद्यांचं दुकान आहे, आणि माणूसही तसाच, कुठेही टेकला की उठत नाही. म्हणाला, "भाऊजी, विकून टाका आता. रविवारी पाच वाजता गिऱ्हाईक घेऊन येतो. तुम्ही माझ्या गल्ल्यावर बसा. वर पंखा, खाली गादी, आणखी काय पाहिजे माणसाला?" काय पाहिजे? अरे, बावीस वर्षं स्टिअरिंग धरलेला हात हा! या हातानं मी लोकांच्या गाद्या दाबून दाखवू? "बघा ताई, किती मऊ आहे," असं म्हणू? मी?

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "रविवारी पाचच्या आत तो लाल दिवा विझला तर ट्रक राहील. नाहीतर सही करायची."

म्हटलं ठीक आहे! मिस्त्री नको, मेहुणा नको, कुणी नको! मी स्वतः बसवतो!

आणि बसवले, तुम्हाला सांगतो! अख्खा शनिवार! दोन्ही जुने काढले, वाकून वाकून पाठीचं पार धनुष्य झालं, एक बोल्ट इंजिनात कुठेतरी पडला तो चुंबकाला दोरी बांधून वर काढला, दोन नवे कोरे अल्टरनेटर चढवले, पट्टा ताणला, सगळं कसं चकाचक! रविवारी दुपारी ऐटीत बसलो, चावी फिरवली, इंजिन धडधडलं... आणि लाल दिवा? जागचा हलला नाही!

पट्टा बघितला, घट्ट. फ्यूज बघितले, शाबूत. बॅटरीची टोकं घासली. मीटर लावला. अठ्ठावीस व्होल्ट यायला हवेत, तर चोवीस! मिस्त्रीला फोन केला. म्हणतो, "नवा खराब निघाला असेल." म्हटलं, "एकाच वेळी दोन्ही?" तर म्हणतो, "शक्य आहे. दोन आहेत ना!" फोन ठेवला. ठेवला म्हणजे सीटवर आपटला.

आणि मेहुणा! हातात चहाचा कप, दारात उभा. "भाऊजी, साडेचार झाले." अरे, घड्याळ आहेस का तू? खोटं कशाला बोलू? डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

तेवढ्यात बायको आली. आता ती काय काम करते? वॉशिंग मशीनच्या तक्रारी घेते. दिवसभर फोनवर. समोरचा कितीही पेटलेला असो, ही ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमानं विचारणार. ट्रकला टेकली आणि तोच आवाज काढला, "नमस्कार सर. आपली तक्रार काय आहे?"

म्हटलं, "थट्टा सुचतेय तुला?"

"सर, आवाज चढवू नका. शेवटचं काय बदललंत?"

"अल्टरनेटर! दोन आहेत, दोन्ही!"

"आणखी काय?"

"काही नाही!"

"सर, आठवून सांगा. सगळेच आधी नाही म्हणतात."

"...रंग दिला."

"कशाला?"

"ज्यावर अल्टरनेटर बसतात त्या दोन्ही ब्रॅकेटांना. गंजल्या होत्या. चंदेरी दिला. तीन हात."

"बोल्टांनाही?"

"...वॉशरलाही."

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला! अहो, अल्टरनेटरला अर्थिंग मिळते ती त्याच लोखंडातून! अंगाला अंग लागलं तर वीज फिरणार, आणि मी मधे रंगाची भिंत बांधून ठेवलेली! बावीस वर्षं गाडीवर जीव टाकला, त्या जिवानंच गाडी मारली!

पॉलिश पेपर घेतला आणि घासत सुटलो. ती टॉर्च धरून उभी. पाचला दोन मिनिटं कमी, चावी फिरवली... दिवा विझला! मीटर अठ्ठावीस! मी नाचलो, हो, या वयात, या पाठीनं नाचलो!

गिऱ्हाईक आलंच. इंजिन ऐकून खूश, लगेच हात पुढे. बायको म्हणाली, "क्षमस्व सर, विकायची नाही." मेहुण्याचा चहा सांडला. "अगं ताई!" तर त्याला म्हणते, "हे तुझ्या गल्ल्यावर बसले तर रोज घरी येऊन तुझ्या गाद्यांचं रडगाणं मलाच ऐकवणार. ट्रकचं तरी मला पाठ झालंय."

आणि माझ्याकडे वळली. "सर, आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?"

आता मी कुणाला न बधणारा माणूस! टोलवाल्याला नाही, मिस्त्रीला नाही, मेहुण्याला तर नाहीच! छाती पुढे काढली, सगळ्यांच्या देखत तिच्याकडे बघितलं... आणि हळूच म्हणालो, "हो मॅडम."

"सर, आपला आवाज येत नाहीये."

"हो मॅडम!"