किल्ली खिशात, गाडी चालू

आमची जुनी ॲम्बेसेडर तुम्ही पाहिलीच आहे. पुतण्या हटून बसला, नवरदेव म्हणून सायखेड्याला, मुलीच्या गावी, जाईन तर हिच्यातूनच. गाडी कित्येक वर्षं बंद, मूळचे पार्ट कुठे मिळायला? द्वारका चौकाजवळच्या सलीमभाई मेकॅनिकनं जीपचं कार्बोरेटर, कुठल्याशा व्हॅनच्या इंजिनचं हेड, असं मिळेल ते ठोकून बसवलं आणि म्हणाला, "बसलंय सगळं. चालेल असं मात्र मी म्हणत नाही."

लग्नाच्या सकाळी पहिल्याच सेल्फला चालू! मांडवाशी पोचलो, किल्ली काढून खिशात घातली, तरी इंजिन आपलं धडधडतंय. बॅटरीची वायर काढली, तरी तेच.

मुलीचे वडील धावत आले. "पाव्हणं, कशावरून रुसलात? गाडी चालू ठिवली, म्हंजे माघारी जायचा बेत हाय!"

"अहो, ही बघा किल्ली माझ्या हातात."

"किल्ली हातात अन् गाडी चालू? येडा समजता व्हय मला? गाडी बंद झाल्याबिगर पोरगी मांडवात येणार नाय!"

घाबरून सलीमभाईला फोन लावला. "अरे, गाडी बंदच होत नाहीये. काय करू?"

पलीकडून तो म्हणाला, "साहेब, आधी मला सांगा, ती चालू कशी झाली?"